प्रार्थनाकीटकाचा चरित्रकार : जाँ-आन्री फाब्र

पावसाळा सरत आला की आमच्या बोरगावच्या शिवारात, उसाच्या बांधावर नाहीतर सोयाबीनच्या शेंड्यावर, एक हिरवा किडा पुढचे दोन पाय छातीशी जोडून बसलेला दिसतो. कुणी त्याला खंडोबाचा किडा म्हणतं, पुस्तकांत त्याला प्रार्थनाकीटक म्हणतात. कुठंही जा, याचं नाव देवाच्या आसपासच घुटमळतं. ग्रीकांनी त्याला मँटिस म्हटलं, म्हणजे भविष्य सांगणारा. लिनियसनं १७५८ साली युरोपातल्या जातीचं नाव ठेवताना त्याला धार्मिक असंच विशेषण लावलं. दक्षिण फ्रान्समधल्या प्रोव्हान्सचे शेतकरी त्याला देवाची प्रार्थना करणारा म्हणत. ज्यांचं शरीर जुन्या गोव्याच्या बॉम जेझू बॅसिलिकात जपून ठेवलंय त्या संत फ्रान्सिस झेवियर यांच्याबद्दलही एक दंतकथा आहे. त्यांनी म्हणे या किड्याला देवाची स्तुती गायला सांगितली आणि तो खरंच गाऊ लागला.

याच किड्याची दुसरी ख्याती अगदी उलटी आहे. मादी नराला खाते, मिलन चालू असतानाच त्याचं मुंडकं खाऊन टाकते, हे आपण शाळेत असताना कधीतरी ऐकलेलं असतं. ही गोष्ट जगभर पोचवली ती मुख्यतः एका फ्रेंच शिक्षकानं. त्याचं नाव जाँ-आन्री फाब्र.

परदेशात आता हौसेनं प्रार्थनाकीटक पाळतात, त्यांच्यासाठी खास डबे मिळतात. मी साध्या बरणीत पाळतो. पाळणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच आठवड्यात एक प्रश्न पडतो: हा रागावलाय, की घाबरलाय? या प्रश्नाच्या मागं लागून मी फाब्र यांच्या चरित्रापर्यंत पोचलो. त्यांचं आयुष्य आणि त्यांनी पाळलेले किडे, दोन्ही शेजारी ठेवून वाचलं की उत्तराची दिशा सापडते. म्हणून हा लेख.

फाब्र यांचा जन्म डिसेंबर १८२३ मधला, फ्रान्सच्या आव्हेरों भागातल्या सँ-लेओं या खेड्यातला. घरची गरिबी अशी की खाणारं एक तोंड कमी व्हावं म्हणून पोराला लहानपणीच आजी-आजोबांकडं पाठवलं. आजोबांची डोंगरावरची शेती, भोवती मेंढरं, थंडी आणि मोकळं रान. किडे बघायचा नाद तिथंच लागला. पुढं वडिलांनी रोदेझ शहरात छोटं कॉफीचं दुकान टाकलं. फी भरायला पैसे नव्हते, तेव्हा पोरगा शाळेच्या प्रार्थनामंदिरात मिस्साच्या वेळी सेवा करायचा आणि त्या बदल्यात शिकायचा. दुकान चाललं नाही. वडील एका गावाहून दुसऱ्या गावाला नवं दुकान मांडत गेले आणि प्रत्येक ठिकाणी बुडत गेले. शेवटी घर विस्कटलं. पंधरा-सोळा वर्षांचा हा मुलगा जत्रेत लिंबं विकत, रेल्वेच्या कामावर मजुरी करत स्वतःचं पोट भरू लागला.

अशा हालात त्यानं आव्हिन्योंच्या अध्यापक विद्यालयाची स्पर्धा परीक्षा दिली आणि शिष्यवृत्ती मिळवली. वयाच्या अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी, १८४२ मध्ये, तो कार्पान्त्रा गावात मास्तर झाला. पगार वर्षाला ७०० फ्रँक. मोजणी शिकवायला मुलांना माळावर न्यावं तर मुलं खुणेच्या काठ्या रोवायचं सोडून गवताच्या काडीनं कसलासा मध चोखत बसायची. चौकशी केली तर दगडावर मातीचं घर बांधणाऱ्या एका मधमाशीचा तो मध निघाला. मास्तरांनी मुलांना रागं भरलं नाही, स्वतःच त्या माशीच्या मागं लागले. कीटकांवरच्या एका ग्रंथापायी त्यांनी जवळजवळ महिन्याचा पगार खर्चून टाकला.

पुढची पदवी कुणी हाताला धरून शिकवून मिळालेली नाही. गणित आणि भौतिकशास्त्र त्यांनी रात्री जागून, स्वतःच पुस्तकं फोडून पुरं केलं. १८४९ साली कॉर्सिका बेटावर भौतिकशास्त्र शिकवायला गेले. तिथं मोकँ-तांदों नावाचे निसर्गशास्त्रज्ञ भेटले. या गृहस्थांनी जेवणाच्या टेबलावर, शिवणाच्या सुया घेऊन, पाण्याच्या बशीत एक गोगलगाय उघडून दाखवली. फाब्र यांना निसर्गशास्त्राचा मिळालेला प्रत्यक्ष धडा म्हणाल तर तो हाच. गणिताची वाट सोडून ते कीटकांकडं वळले. १८५५ साली त्यांनी पॅरिसची डॉक्टरेट मिळवली. त्याच सुमारास शिकारी गांधीलमाशीवरचा त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ही माशी किड्याला ठार मारत नाही, नेमक्या जागी नांगी मारून त्याला लुळा करते आणि पिल्लांसाठी ताजं अन्न साठवते, हे त्यांनी दाखवलं. डार्विननं आपल्या ग्रंथात त्यांच्या निरीक्षणाला तोड नाही अशा अर्थाची दाद दिली. उत्क्रांतीचा सिद्धांत फाब्र यांनी शेवटपर्यंत मानला नाही, तरी दोघांमध्ये आदरानं पत्रव्यवहार चालला. डार्विननं सुचवलेले काही प्रयोगही फाब्र यांनी करून पाहिले.

आव्हिन्योंच्या दिवसांतली एक भेट फार बोलकी आहे. १८६५ मध्ये रेशीमकिड्यांच्या रोगाचा छडा लावायला पाश्चर त्या भागात आले आणि फाब्र यांना भेटले. पाश्चरनी कोश कानाशी हलवून पाहिला आणि आत काहीतरी आहे म्हणून आश्चर्य केलं. रेशमाचा उद्योग वाचवायला निघालेल्या माणसाला कोशात काय असतं हेच ठाऊक नव्हतं! फाब्र यांना यात हसण्यासारखं वाटलं नाही. आधीची समजूत डोक्यात नसेल तर माणूस नीट बघतो, असा धडा त्यांनी त्यातून घेतला. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं तिचा संबंध येणार आहे.

पैशाची चणचण सुटावी म्हणून त्यांनी मॅडर या झाडाच्या मुळांपासून शुद्ध लाल रंग काढायची रीत शोधली. मॅडर म्हणजे आपल्या मंजिष्ठेची बहीणच. वर्षानुवर्षांच्या खटपटीनंतर यश हाताशी आलं, तेवढ्यात १८६८-६९ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी तोच रंग प्रयोगशाळेत तयार केला. सगळे कष्ट पाण्यात गेले.

मग १८७० चा तो प्रसंग. शिक्षणमंत्री द्युरुई यांच्या प्रेरणेनं मोठ्या माणसांसाठी सायंकाळचे मोफत वर्ग सुरू झाले होते. फाब्र तिथं विज्ञान शिकवत आणि ऐकायला तरुण मुलीही येत. फुलात परागकण कसे पडतात आणि फळ कसं धरतं, हे त्यांनी मुलींसमोर सांगितलं. गावात गहजब झाला. काही धर्मगुरूंनीही त्यांच्यावर टीका केली. त्यांच्या भाविक घरमालकिणींनी त्यांना घर सोडायला सांगितलं. देवाच्या सृष्टीकडं इतक्या भक्तीनं बघणाऱ्या माणसावर देवाच्याच नावानं ही वेळ यावी, हे वाचताना आपल्यासारख्यांना थांबून विचार करावा लागतो. नोकरी सुटली. पदरात पाच मुलं. तेव्हा मदतीला धावून आला तो इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल. पत्नीच्या कबरीजवळ राहायचं म्हणून मिल आव्हिन्योंला राहत होते आणि दोघं मिळून रानावनात वनस्पती गोळा करत. मिल यांनी ३००० फ्रँक दिले, लेखी कागद न करता. फाब्र यांनी ते पुढं फेडले.

ऑरांज गावात आठेक वर्षं ते शाळेची पुस्तकं लिहून जगले. तिथंच १८७७ मध्ये त्यांचा सोळा वर्षांचा मुलगा ज्यूल वारला. किडे शोधण्यात बापाचा उजवा हात होता तो. फाब्र यांनी तीन गांधीलमाश्यांना त्याचं नाव दिलं. पुढं घरमालकानं दारासमोरच्या झाडांची रांग छाटून टाकली, तेव्हा मात्र त्यांनी ते गावच सोडलं. १८७९ मध्ये सेरिन्यां खेड्याबाहेर सुमारे एक हेक्टर दगडाळ, पडीक माळ घेतला. प्रोव्हान्सच्या बोलीत अशा माळाला हार्मास म्हणतात. तेच घराचं नाव पडलं. काटेरी झुडपं, रानथाईम, दगड. पीक घ्यायला निकामी आणि किड्यांना स्वर्ग. चाळीस वर्षं ज्याची वाट पाहिली ती जागा मिळाली तेव्हा ते छप्पन्न वर्षांचे होत आले होते. त्याच वर्षी त्यांच्या कीटकशास्त्रीय आठवणींचा पहिला खंड निघाला. १९०७ पर्यंत दहा खंड झाले.

प्रार्थनाकीटकाची प्रकरणं पाचव्या खंडात, १८९७ च्या, आहेत. फाब्र यांचं सामान बघा: अन्नावर माशा बसू नयेत म्हणून घरात वापरतात तसली तारेच्या जाळीची घुमटाकार झाकणं, खाली वाळू भरलेली परडी, आत थाईमचं एक झुडूप आणि अंडी घालायला एखादा सपाट दगड. ऑगस्टच्या उत्तरार्धात पकडलेल्या माद्या या जाळीखाली राहायच्या. त्यांना रोज जिवंत भक्ष्य लागायचं. शेजारची पोरं नाकतोडे पकडून आणायची आणि बदल्यात त्यांना पावाचा तुकडा नाहीतर खरबुजाची फोड मिळायची.

या जाळीखाली त्यांनी जे पाहिलं ते आजही वाचताना अंगावर येतं. मोठा टोळ समोर आला की मादी पंख शिडासारखे उभारते, पोटाचं टोक वर वळवून फुसफुस आवाज करते, पुढचे पाय दोन्हीकडं फाकवून आतले डोळ्यांसारखे काळे-पांढरे ठिपके दाखवते. टोळ जागच्या जागी गोठतो. पोटात अंडी वाढू लागली की एका जाळीखालच्या माद्या एकमेकींवर तुटून पडतात आणि जिंकणारी हरलेलीला खाते. नराचंही तेच. दोन आठवड्यांत एका मादीनं एकामागून एक सात नर संपवले, असं त्यांनी नोंदवलंय. मुंडकं गेलेला नर तरीही मिलन चालू ठेवतो, हेही त्यांनी पाहिलं. आणि याच मादीचं दुसरं रूपही त्यांनी तितक्याच बारकाईनं लिहिलं: फेस फेटून त्यात शेकडो अंडी रचणं, तो फेस वाळून त्याचं टणक घर होणं, जूनमध्ये बाहेर पडणारी इवली पिल्लं आणि दाराशीच त्यांना उचलणाऱ्या मुंग्या. प्रोव्हान्समध्ये ही घरं थंडीनं फुटलेल्या बोटांवर आणि दातदुखीवर औषध म्हणून वापरत. फाब्र यांनी स्वतःवर करून बघितलं, काही गुण आला नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. उघड्या रानात नर-मादीचं काय होतं ते आपल्याला बघायला मिळालं नाही, हे फाब्र यांनी प्रामाणिकपणे लिहून ठेवलं आहे. मात्र लगेच पुढं त्यांनी असंही मानलं की जाळीखाली ऊन आहे, अन्न भरपूर आहे, जागा ऐसपैस आहे, किडे कष्टी दिसत नाहीत, तेव्हा इथं जे घडतं तेच बाहेरही घडत असणार. पाश्चरच्या अज्ञानातून धडा घेणाऱ्या माणसानं इथं एक समजूत आधीच धरून ठेवली. पोट भरलं की जीव सुखी, ही ती समजूत. सगळं आयुष्य ज्यानं भाड्याच्या घरांत, टीकेखाली, झाडं तुटताना बघत काढलं, त्या माणसाला नुसत्या भाकरीनं भागत नाही हे स्वतःपुरतं पक्कं ठाऊक होतं. किड्याच्या बाबतीत मात्र तो विचार त्यांच्या लेखणीत आला नाही.

पुढच्या अभ्यासकांनी ही जागा भरून काढली. १९८० च्या दशकात लिस्के आणि डेव्हिस या दोन संशोधकांनी चिनी जातीच्या प्रार्थनाकीटकांना पोटभर खाऊ घातलं, जोडीला त्रास होणार नाही अशी व्यवस्था केली, समोर माणूस न थांबता कॅमेरा ठेवला. तेव्हा नर-मादी एकमेकांसमोर संथपणे हालचाली करत प्रियाराधन करताना दिसले आणि बहुतेक नर सुखरूप निघून गेले. भुकेल्या मादीपासून नराला धोका जास्त, हे नंतरही वेगवेगळ्या प्रयोगांत दिसलं. रानातही मादी नराला खाते, ते खोटं नाही. पण ते दर वेळी घडत नाही. आणि खाल्लेल्या नराचं अन्न पुढं अंड्यांत उतरतं, असंही २०१६ मधल्या एका अभ्यासात दिसून आलं. म्हणजे ज्याला आपण स्वभाव म्हणतो, त्यात भूक, गर्दी, पळायला वाट नसणं आणि बघणाऱ्याची सावली एवढं सगळं मिसळलेलं असतं.

पंख उभारून फुसफुसणाऱ्या त्या पवित्र्याचंही तसंच. फाब्र यांनी तो शिकारीचा डाव म्हणून वाचला. पुढच्या अभ्यासकांनी पक्ष्यांसारखे शत्रू समोर आले की हाच पवित्रा दिसतो हे दाखवलं आणि तो मुख्यतः बचावाचा आहे असं मानलं. आपण ज्याला राग समजतो ती बरेचदा भीती असते.

पाळणाऱ्यासाठी यातून सरळ गोष्टी निघतात. एका बरणीत एकच किडा ठेवा. दुसरा सोबतीला नको, त्याला सोबत लागत नाही. किड्यानं पंख उभारले, पाय फाकवले, तर हात मागं घ्या आणि त्या दिवशी त्याला सोडून द्या. वरून चिमटीत धरू नका, वरून येणारी वस्तू त्याच्या लेखी पक्षी असते. तळहात समोर सपाट ठेवा, मागून हलकेच बोटाचा स्पर्श करा, तो स्वतःच्या पायांनी चढेल. चढला नाही तर आज त्याचं मन नाही, एवढंच. तो मधूनच झुलतो, ते वाऱ्यातल्या पानाचं सोंग असतं, त्याला आजार समजू नये. सगळ्यांत नाजूक वेळ कात टाकायची. चार-दोन दिवस आधी तो खाणं सोडतो आणि उलटा लटकून राहतो. बरणीची उंची त्याच्या लांबीच्या तिप्पट तरी हवी, वर धरायला जाळी किंवा काटकी हवी. या दिवसांत आत जिवंत रातकिडा राहू देऊ नका, आणि बरणी हलवू तर अजिबात नका. तेव्हा खाली पडला तर पाय वाकडे होतात, नाहीतर जीवच जातो. पाणी रोज थोडं शिंपडायचं, तो थेंब पितो. आणि आमच्याकडं एक जास्तीची काळजी घ्यावी लागते: फवारणी झालेल्या रानातले नाकतोडे त्याला घालायचे नाहीत.

मी हे पाळतो तेव्हा एक गोष्ट रोज दिसते. एकाच बांधावरून आणलेले दोन किडे सारखे नसतात. एक दोन दिवसांत हातावर येतो, दुसरा शेवटपर्यंत कोपरा धरून बसतो. त्या दुसऱ्याला मी तसाच राहू देतो. आठवडाभरानं त्याला पुन्हा बांधावर सोडलं तरी काही बिघडत नाही. उलट पिकावरचे किडे खाऊन तो तिथं आपलं काम करतो.

फाब्र यांची अखेरची वर्षंही बघण्यासारखी आहेत. पहिली पत्नी १८८५ मध्ये वारली, १८८७ मध्ये त्यांनी दुसरं लग्न केलं, पुन्हा घर मुलांनी भरलं. त्यांनी अळंब्यांची शेकडो जलरंगचित्रं काढली. पुस्तकं मात्र खपेनात, म्हातारपणी पुन्हा गरिबीनं गाठलं. तेव्हा प्रोव्हान्सचे कवी फ्रेदेरिक मिस्त्राल आणि इतर चाहत्यांनी त्यांची हलाखी लोकांसमोर आणली. ३ एप्रिल १९१० ला सेरिन्यांत त्यांचा मोठा सत्कार झाला आणि एकाएकी सारं जग त्यांची पुस्तकं वाचू लागलं. १९१३ मध्ये खुद्द राष्ट्राध्यक्ष प्वँकारे त्यांना भेटायला आले. पहिलं महायुद्ध चालू असताना, ११ ऑक्टोबर १९१५ ला, वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी ते हार्मासमध्येच वारले. ते घर आणि तो माळ आज फ्रान्सच्या राष्ट्रीय निसर्गेतिहास संग्रहालयाकडं आहे.

फाब्र यांचा एक निष्कर्ष चुकला म्हणून त्यांचं मोठेपण उणावत नाही. आपल्याला काय दिसलं आणि काय दिसलं नाही, हे त्यांनी वेगवेगळं लिहून ठेवलं, म्हणून तर पुढच्यांना दुरुस्ती करता आली. त्यांच्याकडून घ्यायची ती ही सवय. कुणी अंगावर फुसफुसलं की त्याला तापट म्हणून मोकळं होणं सोपं असतं. तो भुकेला आहे का, त्याच्या जाळीखाली गर्दी झालीय का, त्याला पळायला वाट आहे का, आणि त्याच्यावर सावली आपलीच तर पडत नाही ना, एवढं आधी बघावं. १८७० साली आव्हिन्योंच्या लोकांनी आपल्या मास्तरांबद्दल एवढं बघितलं असतं, तर त्यांना हार्माससाठी इतकी वर्षं थांबावं लागलं नसतं.